फ्लटर अ‍ॅप मागं जातं, मरतं, परत येतं: लाइफसायकल आणि रेफरन्स कसे सांभाळायचे (नवीन लोकांसाठी)

कॉलेज संपवून कोल्हापुरातल्या राजारामपुरीत कुठल्यातरी पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात नोकरीला लागलेल्या, नाहीतर घरात बसून छोट्या क्लायंटची कामं घेणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. फ्लटरचा (एकाच कोडात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप बनवायच्या साधनाचा) कोर्स झालेला असतो, बटणं छान गोल येतात, लिस्ट स्क्रोल होते, सर्व्हरवरनं डेटा येतो, सगळं भारी. मग अ‍ॅप खऱ्या माणसाच्या हातात जातं आणि दोन दिवसात फोन येतो, "अहो एंट्री दोनदा पडाय लागलीय", नाहीतर "मधी फोन आला आणि भरलेलं सगळं गेलं की". ह्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतंय: कुठली वस्तू कुणाची आणि ती कधीपर्यंत जगणार हे कोडात कुठं ठरवलेलंच नसतं. कोर्समध्ये हा भाग एका व्हिडिओत उरकतात, आणि खऱ्या कामात सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो.

उदाहरण म्हणून पूर्ण लेखभर गावच्या दूध संस्थेचं संकलन अ‍ॅप धरूया, कारण कोल्हापुरात राहून डेव्हलपमेंट करताय तर कधी ना कधी असलं काम येतंच. सकाळी आणि संध्याकाळी रांग लागते, सभासद नंबर टाकायचा, ब्लूटूथवाल्या काट्यावरनं लिटर येतात, मशीनवरनं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दर लागतो, पावती निघते, पुढचा कॅन. एका माणसामागं अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही आणि रांगेतल्या कुणालाच तुमच्या आर्किटेक्चरशी देणंघेणं नसतंय.

आधी हे जवळ ठेवा

- फ्लटर ३.१३ किंवा त्याच्या पुढचं व्हर्जन. खाली जे लिहिलंय त्यातल्या काही गोष्टी त्याच्या आधी नव्हत्या.
- एक जुना, कमी रॅमचा खरा अँड्रॉइड फोन. एम्युलेटरवर मेमरीची ओढाताण कळत नाही, आणि क्लायंटचा फोन हमखास तुमच्या फोनपेक्षा जुना असतो.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल लावून "डिव्हाइस दिसत नाही" म्हणून डोकं धरून बसलेले लोक बघितलेत.
- फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डीबगिंग चालू.
- अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हीएस कोड, आणि फ्लटरचे डेव्हटूल्स (चालू अ‍ॅपची मेमरी वगैरे आतून बघायची साधनं).
- आयफोनसाठी बिल्ड करायचं तर मॅक लागतोच, त्याला दुसरा रस्ता नाही. नसेल तर निदान एखाद्या मित्राचा मॅक आणि आयफोन दोनेक दिवस मागून घ्या.
- वही आणि पेन. चेष्टा नाही, पहिल्याच स्टेपला लागणार आहे.

१. तीन आयुष्यं वेगवेगळी मांडा

वहीत तीन रकाने आखा: स्क्रीन, अ‍ॅप, प्रोसेस.

स्क्रीनचं आयुष्य म्हणजे स्टेट ऑब्जेक्टचं, स्क्रीनची माहिती धरून ठेवणाऱ्या वस्तूचं. इनिटस्टेट ह्या फंक्शनमध्ये जन्म, डिस्पोज ह्या फंक्शनमध्ये शेवट. संकलनाची स्क्रीन उघडली, बंद केली, संपलं.

अ‍ॅपचं आयुष्य म्हणजे डार्टचं (फ्लटरची भाषा) सगळं जग, तुमचे सिंगलटन (पूर्ण अ‍ॅपात एकच असणारी वस्तू), ग्लोबल व्हेरिएबल, प्रोव्हायडर (स्क्रीनना लागणाऱ्या वस्तू पुरवणारे), जे स्क्रीन बदलल्या तरी राहतात.

प्रोसेसचं आयुष्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात. तिला मेमरी कमी पडली की ती तुम्हाला न विचारता मारते, आणि मारताना तुमच्या कोडला कसलाही कॉल येत नाही. परत सांगतो, कसलाही कॉल येत नाही.

आता प्रत्येक वस्तू कुठल्यातरी एकाच रकान्यात लिहा. सभासद नंबर टाकायच्या बॉक्सचा टेक्स्ट कंट्रोलर स्क्रीनच्या रकान्यात. काट्याचं ब्लूटूथ कनेक्शन अ‍ॅपच्या रकान्यात, कारण स्क्रीन बदलली म्हणून काटा तोडायचा नसतो, प्रत्येक वेळी जोडायला वेळ जातो आणि रांग थांबते. आजच्या संकलनाच्या नोंदी तिन्ही रकान्यांच्या बाहेर, फोनच्या स्टोरेजमध्ये, एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये. कुठली वस्तू कुठं टाकायची हे कळत नसेल तर तिथंच पुढं बग येणार असं समजा आणि कोड लिहायच्या आधी सिनियरला विचारा.

एक बारकी गोष्ट इथंच सांगतो, कारण पुढं गोंधळ होतो. अँड्रॉइडवर अ‍ॅक्टिव्हिटी (फ्लटर ज्यात दिसतं ती अँड्रॉइडची खिडकी) नष्ट झाली तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तिच्याबरोबर फ्लटरचं इंजिनपण जातं आणि डार्टचे सगळे ग्लोबल पुसले जातात, पण प्रोसेस जिवंत असेल तर कोटलिनच्या (अँड्रॉइडची स्वतःची भाषा) बाजूचे स्टॅटिक (प्रोसेसभर टिकणारी व्हेरिएबल) तसेच राहतात. म्हणजे डार्टला वाटतंय आपण आत्ताच जन्मलो आणि कोटलिनकडं मागच्या जन्माचं सगळं सामान पडलेलं. ब्लूटूथचे विचित्र बग बऱ्याचदा ह्या फटीतनं येतात.

२. पाच अवस्था डोळ्यांनी बघून घ्या

फ्लटरमध्ये अ‍ॅपच्या अवस्था पाच. रिझ्यूम्ड म्हणजे समोर आहे आणि टच घेतंय. इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे दिसतंय पण फोकस दुसऱ्याकडं गेलाय. हिडन म्हणजे दिसायचं बंद, ही ३.१३ मध्ये आली. पॉज्ड म्हणजे मागं गेलं. डिटॅच्ड म्हणजे इंजिन आहे पण त्याला दाखवायला व्ह्यू नाही.

नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. अ‍ॅपलाइफसायकललिसनर नावाचा क्लास आहे, तोसुद्धा ३.१३ पासूनच, तो लावा आणि प्रत्येक बदलाला वेळेसकट लॉग छापा. मग फोन हातात घेऊन एकेक करून बघा: वरनं नोटिफिकेशनचा पडदा ओढा, होम दाबा, रिसेंट्स उघडा, दुसऱ्या फोनवरनं कॉल लावा, परमिशनचा डायलॉग येऊ द्या, कॅमेरा उघडा, स्क्रीन लॉक करा. प्रत्येकाला काय छापून येतंय ते वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ह्यानं जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

लक्षात काय येईल, तर मागं जाताना इनअ‍ॅक्टिव्ह, हिडन, पॉज्ड ह्या क्रमानं उतरतं आणि परत येताना उलट्या क्रमानं चढतं, आणि इनअ‍ॅक्टिव्ह तर दिवसातनं शंभर वेळा येतं, नुसता पडदा ओढला तरी.

सापळा: "इनअ‍ॅक्टिव्ह आलं की पिन लॉक दाखव" असं लिहिलं की परमिशन डायलॉगलासुद्धा लॉक येतो. आणि "रिझ्यूम्ड आलं की सगळा डेटा परत मागव" असं लिहिलं की प्रत्येक पडदा ओढण्याला सर्व्हरवर रिक्वेस्ट जाते. खरंच मागं जाऊन आलं का हे बघायचं असेल तर हिडन किंवा पॉज्ड कधी आलं ती वेळ ठेवा, परत आल्यावर किती वेळ गेला ते बघा, आणि मगच काय ते ठरवा.

दुसरा सापळा: डिटॅच्डवर भरवसा ठेवून तिथं सेव्हचं कोड लिहिणं. येईल तर येईल, नाहीतर नाही.

३. सेव्ह एंट्रीबरोबरच करा, पॉज होताना नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा लांब लिहितोय.

बऱ्याच ठिकाणी असं कोड दिसतं की नोंदी एका लिस्टमध्ये जमा होतायत आणि पॉज्ड आलं की सगळ्या एकदम डेटाबेसमध्ये टाकल्या जातायत. बघायला हुशारी वाटते, डिस्कवर कमी लिहावं लागतं वगैरे. पण पॉज्ड आल्यावर तुमच्याकडं किती वेळ आहे? आयफोनवर मागं जाताना आवरायला साधारण ५ सेकंद मिळतात, जास्त हवा असेल तर वेगळा मागून घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर पॉज्ड झाल्यानंतर सिस्टिम कधीही प्रोसेस मारू शकते. बॅटरी संपून फोन बंद पडला तर पॉज्डसुद्धा येत नाही. सकाळच्या पन्नास सभासदांचं दूध रॅममध्ये ठेवून कुणी झोपू शकत असेल तर त्याच्या धाडसाला नमस्कार.

नियम साधा ठेवा: ऑपरेटरनं ओके दाबलं, नोंद एसक्यूलाइटमध्ये गेली, मगच पावती. सर्व्हरला पाठवणं नंतर, रेंज येईल तेव्हा, कारण राधानगरी-भुदरगडकडच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नाही. प्रत्येक नोंदीला फोनवरच तयार केलेला एक युनिक आयडी द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हर ओळखतो.

अर्धवट टाइप केलेलं, कुठली स्क्रीन उघडी होती, कुठला टॅब होता, ह्यासाठी फ्लटरचं स्टेट रिस्टोरेशन वापरता येतं. पण त्यात नुसते आयडी आणि छोटी मूल्यं ठेवा. अँड्रॉइडवर हा डेटा ज्या रस्त्यानं जातो त्या बफरची मर्यादा पूर्ण प्रोसेसला मिळून साधारण १ एमबी आहे, त्यात सगळी सभासद यादी कोंबली की अ‍ॅप मागं जातानाच क्रॅश होतं, आणि क्रॅश कुठनं आला हे पटकन कळतपण नाही.

आता हे तपासायचं कसं. अ‍ॅप उघडा, अर्धवट फॉर्म भरा, होम दाबा, मग कॉम्प्युटरवर एडीबी (कॉम्प्युटरवरनं फोनला कमांड द्यायचं साधन) शेलमधनं एएम किल कमांड आणि पुढं पॅकेजचं नाव. मग रिसेंट्समधनं अ‍ॅप परत उघडा. हे खऱ्या सिस्टिमनं मारल्यासारखं आहे. इथं लोक तीन गोष्टी एकच समजतात. फोर्स स्टॉप केलं की रिस्टोर होणारी स्टेटपण जाते. रिसेंट्समधनं वर सरकवून टाकलं तरी जाते. आणि डेव्हलपर ऑप्शन्समधलं "डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज" अ‍ॅक्टिव्हिटी नष्ट करतं पण प्रोसेस ठेवतं. तिन्ही टेस्ट करा, पण कुठली टेस्ट कशाची आहे हे डोक्यात ठेवून.

फोन आडवा-उभा करून टेस्ट करा असं नेटिव्ह अँड्रॉइडवाले सांगतात. फ्लटरच्या तयार टेम्प्लेटमध्ये मॅनिफेस्टच तसं लिहिलेलं असतं की फिरवल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी परत तयार होत नाही, त्यामुळं त्या टेस्टनं इथं काही सिद्ध होत नाही.

कॅमेऱ्याचं एक. सभासदाचा फोटो काढायला इमेज पिकर वापरलात आणि कॅमेरा उघडा असताना कमी रॅमच्या फोनवर तुमचं अ‍ॅप मारलं गेलं तर फोटो हवेत जातो. त्यासाठी त्या प्लगिनमध्येच रिट्राइव्ह लॉस्ट डेटा असं फंक्शन आहे, अ‍ॅप सुरू होताना ते एकदा बोलवायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, कुणी वाचत नाही.

४. जे घेतलं ते त्याच रकान्यात सोडा

इनिटस्टेट आणि डिस्पोज शेजारी-शेजारी लिहायची सवय लावा, मधी बिल्डच्या (स्क्रीन काढणाऱ्या फंक्शनच्या) दोनशे ओळी नकोत. वर एक वस्तू घेतली की खाली लगेच तिची सोडायची ओळ. ह्या वस्तू हमखास विसरतात:

- टेक्स्ट, स्क्रोल, अ‍ॅनिमेशन कंट्रोलर आणि फोकस नोड: डिस्पोज
- टायमर: कॅन्सल
- स्ट्रीम सबस्क्रिप्शन (सतत येणारा डेटा ऐकायची जोडणी): कॅन्सल
- कुणावर तरी लावलेला लिसनर: रिमूव्ह, आणि काढताना तेच फंक्शन द्या जे लावताना दिलं होतं, तिथंच नवीन क्लोजर (जागेवरच लिहिलेलं, आजूबाजूची व्हेरिएबल धरून ठेवणारं फंक्शन) लिहून दिलं तर काहीच निघत नाही
- वर लावलेला अ‍ॅपलाइफसायकललिसनर: ह्यालासुद्धा डिस्पोज लागतं

इनिटस्टेटमध्ये सुपरचा कॉल पहिला, डिस्पोजमध्ये सुपरचा कॉल शेवटी. आणि डिस्पोजमध्ये कॉन्टेक्स्टवरनं (स्क्रीनच्या भागांच्या झाडातली आपली जागा सांगणारी वस्तू) प्रोव्हायडर शोधायला जाऊ नका, तोपर्यंत झाडातनं तुम्ही सुटलेले असता. काही लागणार असेल तर डिडचेंजडिपेन्डन्सीजमध्ये त्याचा रेफरन्स घेऊन ठेवा.

आता "एंट्री दोनदा पडतीय" हा बग जवळनं बघू, कारण हा इतका नेहमीचा आहे की त्याला आधार कार्ड काढून द्यावं.

काट्याकडनं वजनाची स्ट्रीम येते. संकलनाच्या स्क्रीननं इनिटस्टेटमध्ये ती ऐकायला घेतली, वजन स्थिर झालं की नोंद टाकायची. डिस्पोजमध्ये कॅन्सल नाही. ऑपरेटर मधेच रिपोर्ट बघायला मागं गेला आणि परत संकलनावर आला. आता ही दुसरी वेळ ऐकायला घेतलं, तर साध्या स्ट्रीमवर डार्ट लगेच एरर देतं की ही स्ट्रीम आधीच कुणीतरी ऐकतंय. ही एरर म्हणजे खरंतर मदत आहे. पण डेव्हलपर काय करतो, नेटवर शोधतो, कुणीतरी सांगितलेलं असतं की अ‍ॅज-ब्रॉडकास्ट-स्ट्रीम लावा, तो लावतो, एरर जाते, सगळे खूश. आणि तिथनंच दोनदा पडायला सुरुवात होते. जुनी स्क्रीन डोळ्यासमोरनं गेली पण तिचं सबस्क्रिप्शन जिवंत आहे, तिच्या हँडलरला वजन मिळतंय, तो नोंद टाकतोय, नवीन स्क्रीनचापण टाकतोय. सकाळच्या रजिस्टरला एका सभासदाचे ६.४ लिटर दोन ओळीत. रिपोर्ट तीनदा बघून आला तर चार ओळीत. आणि ऑफिसात टेस्ट करणारा माणूस संकलन स्क्रीनवरनं हलतच नाही, म्हणून त्याला कधी दिसत नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. एक, कॅन्सल करा. दोन, नोंद टाकायचं काम स्क्रीनकडनं काढून घ्या. काट्याशी बोलणारी एक सर्व्हिस अ‍ॅपच्या रकान्यात, तीच स्ट्रीम एकदाच ऐकते, स्क्रीन फक्त दाखवते आणि ओके पाठवते.

ह्याच बगची सौम्य बहीण म्हणजे "डिस्पोजनंतर सेटस्टेट बोलावलं" ही एरर. ती आली की लोक सेटस्टेटच्या आधी माउंटेड (स्क्रीन अजून झाडात आहे का) बघायची ओळ टाकतात आणि पुढं जातात. सबस्क्रिप्शनच्या बाबतीत ही ओळ म्हणजे नुसतं तोंड बंद करणं, सबस्क्रिप्शन चालूच आहे, मेमरी धरूनच आहे. आणि ती स्पष्ट एरर असर्टमधनं येते, म्हणजे डीबगमध्येच, रिलीजमध्ये तसा नीट मेसेज मिळत नाही. त्यामुळं डीबगमध्ये लाल दिसतंय तोवरच मूळ शोधा.

प्रोव्हायडर वापरत असाल तर एक फरक पाठच करा: क्रिएट देऊन बनवलेली वस्तू प्रोव्हायडर स्वतः डिस्पोज करतो, व्हॅल्यू देऊन दिलेली वस्तू तो हातसुद्धा लावत नाही, ती ज्यानं बनवली त्यानं सोडायची. उलटसुलट केलं की एकतर गळती, नाहीतर दुसऱ्या स्क्रीनवर मेलेली वस्तू. आणि कंट्रोलर किंवा फ्यूचर बिल्डच्या आत बनवू नका, बिल्ड कितीही वेळा चालतं.

हॉट रीलोडवर (चालू अ‍ॅपमध्येच नवीन कोड घालणं) विश्वास ठेवून लाइफसायकल तपासू नका हेपण सांगून ठेवतो. रीलोडला इनिटस्टेट परत चालत नाही. हॉट रीस्टार्टला डार्ट नव्यानं सुरू होतं पण नेटिव्ह बाजू तशीच राहते, त्यामुळं ब्लूटूथ दोनदा जोडल्यासारखं वाटू शकतं आणि नसलेला बग तुम्ही दिवसभर शोधत बसता. अ‍ॅप पूर्ण बंद करून परत चालवा.

५. अवेटच्या पलीकडं गेलात की आजूबाजूला बघा

अवेट म्हणजे मधी काहीही घडू शकतं. सभासदाच्या खात्यात आगाऊ रक्कम भरायची म्हणून यूपीआय अ‍ॅप उघडलं, माणूस तिकडं गेला, पिन विसरला, बायकोला फोन लावला, दहा मिनिटांनी परत आला. तोपर्यंत तुमची स्क्रीन डिस्पोज झाली असेल, किंवा प्रोसेसच नवीन असेल.

अवेटनंतर कॉन्टेक्स्ट वापरायचा असेल तर आधी कॉन्टेक्स्ट माउंटेड आहे का बघायचं, ही सोय फ्लटर ३.७ पासून आहे, म्हणजे २०२३ पासून. लिंटचा (कोड तपासणाऱ्या साधनाचा) इशारा येतो तो बंद करू नका, बऱ्याच प्रोजेक्टमध्ये वर इग्नोरची ओळ लिहून ठेवलेली दिसते. इथं माउंटेड बघणं बरोबर आहे, कारण इथं काम संपलेलंच असतं, फक्त दाखवायचं राहिलेलं असतं. चौथ्या स्टेपमधल्या सबस्क्रिप्शनपेक्षा ही गोष्ट वेगळी.

पैशाच्या बाबतीत अजून एक. परत आलेल्या उत्तरावर पेमेंट झालं की नाही हे ठरवू नका. पेमेंट सुरू करायच्या आधी ऑर्डर आयडी स्टोरेजमध्ये लिहा, आणि अ‍ॅप परत आलं की, किंवा नव्यानं सुरू झालं की, तो आयडी घेऊन सर्व्हरला विचारा.

६. रेफरन्स कोण धरून बसलंय ते शोधा

डार्टमध्ये मेमरी हातानं सोडायची नसते, गार्बेज कलेक्टर आहे. पण तो नको असलेली वस्तू उचलत नाही, तो कुणीच न धरलेली वस्तू उचलतो, आणि ह्या दोनात लई फरक आहे. भाड्याची खोली सोडून गावी गेलात आणि किल्ली खिशातच राहिली, तर मालकाला खोली दुसऱ्याला देता येत नाही, तसंच.

किल्ली कुणाच्या खिशात असते? सिंगलटन, स्टॅटिक लिस्ट, चालू टायमर, जिवंत सबस्क्रिप्शन, आणि क्लोजर. क्लोजर सगळ्यात चोरटा. तुम्ही एका ओळीचं फंक्शन काटा-सर्व्हिसला देता, त्यात स्टेटमधलं एक व्हेरिएबल वापरलेलं असतं, झालं, पूर्ण स्टेट अडकली, तिच्याबरोबर कॉन्टेक्स्ट अडकला, त्याच्यामागनं झाडाचा तुकडा आणि त्यातले फोटो. कॉन्टेक्स्ट तर सिंगलटनमध्ये कधीच ठेवू नका, "कुठनंही डायलॉग दाखवता यावा" म्हणून लोक ठेवतात. त्यासाठी नॅव्हिगेटरची ग्लोबल की वापरा.

दोन वस्तूंनी एकमेकांना धरलं तर डार्टला काही अडचण नाही, बाहेरनं कुणी धरलं नसेल तर दोन्ही जातात. पण प्लगिनसाठी स्विफ्ट (आयफोनची भाषा) लिहायला गेलात की हिशोब बदलतो, तिथं रेफरन्स मोजले जातात, एकमेकांना धरलेल्या दोन वस्तू कायमच्या अडकतात, म्हणून तिथं क्लोजरमध्ये वीक सेल्फ लिहितात. कोटलिनमध्ये वेगळीच चूक चालते: अ‍ॅक्टिव्हिटी कम्पॅनियन ऑब्जेक्टमध्ये ठेवणं. पहिल्या स्टेपमध्ये सांगितलं तसं प्रोसेस जगली की तो स्टॅटिकपण जगतो, आणि मेलेली अ‍ॅक्टिव्हिटी सगळ्या व्ह्यूंसकट तशीच. प्लगिनला अ‍ॅक्टिव्हिटी लागत असेल तर अ‍ॅक्टिव्हिटीअवेअर इंटरफेस घ्या, त्यात जोडली आणि सुटली असे कॉल येतात, सुटल्यावर नल करा. कॉन्फिगरेशन बदलताना सुटण्याचा आणि परत जोडण्याचा वेगळा कॉल आहे, तोपण रिकामा सोडू नका. कोटलिनच्या बाजूची गळती पकडायला लीककॅनरी (गळती शोधणारी लायब्ररी) डीबग बिल्डमध्ये टाका.

वीकरेफरन्स (वस्तू अडकवून न ठेवणारा रेफरन्स) आणि फायनलायझर (वस्तू उचलली गेल्यावर चालणारं फंक्शन) डार्ट २.१७ मध्ये, २०२२ साली आले. नवीन माणसाला ते जादूसारखं वाटतं. पण फायनलायझर कधी चालेल, चालेल का, ह्याची हमी नाही, त्यावर काटा तोडायचं काम सोपवू नका. आणि माझं मत असं की ज्या कोडात वीकरेफरन्स सारखा दिसतो तिथं मालक कोण हे ठरवायचं राहिलेलं असतंय.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांना (फ्लटरसारखंच दुसरं साधन) हेच सगळं लागू, नावं वेगळी. यूजइफेक्टनं परत दिलेलं फंक्शन म्हणजे तुमचं डिस्पोज, अ‍ॅपस्टेटचा लिसनर लावल्यावर जे सबस्क्रिप्शन मिळतं त्यावर रिमूव्ह बोलवायचं, आणि तिथलं इनअ‍ॅक्टिव्ह फक्त आयफोनवर येतं, अँड्रॉइडवर त्याची वाट बघू नका. झामरिनमध्ये (मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप बनवायचं जुनं साधन) जुनं प्रोजेक्ट कुणी गळ्यात मारत असेल तर त्याचा सपोर्ट मे २०२४ मध्ये संपलाय एवढं बोलून घ्या आणि मगच रेट सांगा.

७. अंदाज नको, स्नॅपशॉट घ्या

"मेमरी वाढतीय असं वाटतंय" ह्याला अर्थ नाही. अ‍ॅप खऱ्या फोनवर प्रोफाइल मोडमध्ये चालवा, डीबगमधले आकडे फुगलेले असतात. डेव्हटूल्समध्ये मेमरीचं पान, त्यात डिफ स्नॅपशॉट्स.

आधी संकलन स्क्रीन एकदा उघडून बंद करा, म्हणजे पहिल्या वेळचं लोडिंग उरकतं. मग स्नॅपशॉट. मग तीच स्क्रीन दहा वेळा उघडा-बंद करा. परत स्नॅपशॉट, आणि दोन्हीतला फरक काढा. यादीत तुमच्या स्टेट क्लासचं नाव शोधा. नवीन शून्य असेल तर छान, दहा असतील तर दहाच्या दहा अडकल्यात. एकच असेल तर घाबरू नका, शेवटची बऱ्याचदा कुठंतरी थोडा वेळ धरलेली असते, परत उघडझाप करून ती वाढते का बघा.

त्या क्लासवर गेल्यावर रिटेनिंग पाथ दिसतो, मूळापासनं तुमच्या वस्तूपर्यंत कोणी कोणाला धरलंय त्याची साखळी. ती तुमच्या वस्तूकडनं मूळाकडं वाचत जा आणि तुम्ही लिहिलेलं पहिलं नाव आलं की थांबा. फ्लटरच्या आतली नावं बघून घाबरायचं नाही. बहुतेक वेळा ते नाव सर्व्हिस, नाहीतर टायमर, नाहीतर सबस्क्रिप्शनच निघतं.

८. मागं गेल्यावर काम चालू राहील असं धरू नका

थोडक्यात सांगतो, हा विषय वेगळ्या लेखाचा आहे. दर सेकंदाला मोजणारा टायमर मागं गेल्यावर थांबू शकतो, म्हणून सुरुवातीची वेळ साठवा आणि परत आल्यावर वजाबाकी करा. अँड्रॉइडवर वर्कमॅनेजरचं ठरावीक वेळानं होणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावता येत नाही. सतत चालायलाच हवं असेल तर नोटिफिकेशन दाखवणारी फोरग्राउंड सर्व्हिस, आणि अँड्रॉइड १४ साठी टार्गेट करत असाल तर तिचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये लिहावाच लागतो. शिवाय फोन कंपन्यांची आपापली बॅटरी सेटिंग्ज असतात, ती क्लायंटच्या फोनवर जाऊन बघावी लागतात, फोनवरनं समजावून जमत नाही.

काटा मागं गेल्यावर तुटला असेल असंच धरा. रिझ्यूम्डला कनेक्शन तपासा, तुटलं असेल तर जोडा, आणि जोडायच्या आधी जुनं सबस्क्रिप्शन कॅन्सल झालंय ना ते बघा, नाहीतर चौथ्या स्टेपवर परत.

९. क्लायंटकडं द्यायच्या आधी

ऑफिसच्या टेबलावर हे सगळं चालतं, तेवढ्यावर सोडू नका. संस्थेत एकदा सकाळच्या संकलनाला स्वतः जाऊन उभं राहा, तुमचं अ‍ॅप आणि त्यांचं कागदी रजिस्टर दोन्ही चालू ठेवून. मधी मुद्दाम कॉल करायला लावा, रिपोर्ट बघून परत या, काटा बंद करून चालू करा, फोन लॉक होऊ द्या, दुसरं एखादं जड अ‍ॅप उघडा. संकलन संपल्यावर रजिस्टरच्या ओळी आणि एसक्यूलाइटच्या ओळी मोजून बघा, नुसती लिटरची बेरीज जुळवू नका, कारण एक ओळ दोनदा पडून दुसरी गळाली तर बेरीज जवळपास जुळते आणि फरक कळत नाही.

लाइफसायकलचे लॉग एका फाइलमध्ये लिहिले जातील आणि ऑपरेटरला एका बटणात ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी सोय ठेवा, फाइलमध्ये सभासदांची नावं किंवा खाते नंबर जाणार नाहीत हे बघून. प्रत्येक ओळीला वेळ, अवस्था, चालू सबस्क्रिप्शन किती आणि अ‍ॅप सुरू होताना तयार केलेला एक नवीन आयडी. आयडी मधेच बदललेला दिसला म्हणजे तिथं डार्ट नव्यानं सुरू झालं, एकतर प्रोसेस मेली नाहीतर अ‍ॅक्टिव्हिटी गेली. शेजारी प्रोसेस नंबरपण छापलात तर दोनातलं कुठलं तेसुद्धा फाइलवरनंच कळतं, त्यासाठी गावाला जायची गरज पडत नाही.